आतली कड

डॉक्टरांच्या आधी मला कळायचं.
त्यांच्याकडे गुडघ्यातला काळोख
राखाडी करून दाखवणारं यंत्र.
माझ्याकडे बापाचा दगड, तेलाची बाटली,
आणि सामना संपला की टेबलावर येऊन पडणारे
बावीस जणांचे ओले स्केट.

ओत्सो राउतिओचा उजवा स्केट बोलका होता.
पातं दिव्याखाली धरलं की दिसायचं,
बाहेरची कड झिजून बोथट,
आतली जवळजवळ कोरी.
म्हणजे गडी त्या पायावर भारच टाकत नाही,
वळताना डाव्याकडून उसनं घेतोय.

पहिल्यांदा गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा.
लोक सांगतात, आवाज आला.
मला नाही आला. ढोल वाजत होते,
सॉसेजच्या रांगेत कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.
त्याची आई दुधाचा टँकर चालवायची.
तो भरलेला टँकरच तिनं
इस्पितळाच्या अंगणात आडवा लावला
आणि परिचारिकेला विचारलं,
वाटी शाबूत आहे ना?

इतकीशी वाटी.
तिच्यात एका माणसाचं सगळं पोटपाणी.

नऊ महिन्यांनी परतला,
गुडघ्याला बाशिंग बांधावं तसा
काळा पट्टा मिरवत.

दुसऱ्या वेळी तर कुणी शिवलंही नव्हतं.
मंगळवारचा सराव, रिकाम्या खुर्च्या,
शंकूला वळसा घालता घालता
बुटाची नाडी सुटल्यासारखा खाली बसला.
बसलाच.

मग जानेवारी. समुद्र पार बेटांपर्यंत गोठलेला,
कोक्कोलात दुपारी तीनलाच दिवे.
सगळे गेल्यावर तो टेबलापाशी आला.
पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाला,
तुला दिसतंय ना, आइला?
दिसतंय.
आतली कड जरा मारून ठेव.
बर्फ धरला नाही की गुडघा पिळत नाही.
मार्चपर्यंतच. मार्चमध्ये सही आहे,
दोन वर्षांची.
बायकोला सातवा महिना होता,
ते तो बोलला नाही. मला ठाऊक होतं.

प्रशिक्षक गमतीनं विचारायचा,
आइला, तू कुणाची कड घेतेस?
मी म्हणायची, दोन्ही.
पात्याला दोन असतात.

त्या रात्री मी एकच घेतली.
दगड दोनदा ओढला, हलक्या हातानं.
कुणाची धार किती, हे सगळं मी वहीत टिपते.
ते टिपलं नाही.

फेब्रुवारीत, तिसऱ्या सत्रात,
कोपऱ्यातून पक उचलून वळताना
उजवा पाय त्याच्या खालून निघून गेला.
भिंतीवर आदळला तो गुडघाच.
यंत्रानं सगळं दाखवलं,
काय तुटलं, कुठे तुटलं, किती उरलंय.
जुन्या जखमेनं तुटलं
की माझ्या त्या दोन हातांनी,
एवढं तेवढं दाखवलं नाही.

त्यानं कधी विचारलं नाही.
मीही माफी मागितली नाही.
मागायची म्हणजे आधी सांगायला हवं,
कुणाला?

आता तो जस्ताच्या कारखान्यात पाळ्या करतो.
माझ्या तळघराला सात पायऱ्या.
तो आडवा होऊन उतरतो,
चांगला पाय आधी, मग कठड्याला हात,
मग दुसरा, सामान उतरवावं तसा.
मी पायऱ्या मोजते.
तो हवामानाबद्दल बोलतो.

काल पिशवीतून मुलीचे स्केट काढले.
हाताच्या पंजाएवढे.
धार लाव म्हणाला, आणि खिडकीकडे वळून
उगाच बाहेरचं बर्फ बघत राहिला.

मी पातं दिव्याखाली धरलं.
आतली कड कोरी.
बाहेरचीही कोरी.
स्केट नवेच होते, बर्फाला अजून लागले नव्हते,
त्यांना काहीच माहीत नव्हतं.

वही उघडली. तिचं नाव लिहिलं.
दोन्ही कडा, सारख्या.
मग दगडावर तेल सोडलं,
आणि हात थोडा वेळ
तसाच धरून ठेवला.