आलापल्लीला रेडिओ घेताना

नागोसेंनी काचेवर तीन रेडिओ मांडले
आणि मुली दाखवायला आणलेल्या बापासारखे
बाजूला सरकून उभे राहिले.

पहिला चकचकीत. निळे आकडे.
"हा आपला आपणच स्टेशन शोधते."
सेल कोणते लागतात, मी विचारलं.
सेल नाहीत. चार्जिंगची पिन.
आमच्या कुटीवर सौरपाटी आहे,
पण श्रावणात तीही
आमच्यासारखीच आभाळाकडे बघत बसते.

दुसऱ्याला दांडी, गरागरा फिरवायची.
पेका दुर्वाचा उजवा पंजा अस्वलाने नेला.
डाव्याने तो भात ढवळतो, कुऱ्हाड धरतो,
रात्री दार लावतो.
त्याच हाताला आणखी एक दांडी कशी देऊ?

तिसरा मोडीतून उठवलेला.
कातडी खोळ दुसऱ्याच कुणाच्या घामाने काळी,
पाठीत तीन जाडे सेल,
भामरागडच्या बाजारात
मीठमिरचीशेजारी मिळतात तसले.

"असं नाही कळाचं, तलांडी मॅडम.
दुकानात तं सारेच बोलतेत."

मागे गेलो. आरामशीन बंद होईस्तोवर
सागाच्या थप्पीवर बसलो.
नागोसेंनी तार खांबाला गुंडाळली.
निळे आकडे भराभर धावले, कुठेच थांबले नाहीत.
जुन्यात आधी मोहरी तडतडली,
मग एक बाई, कोणत्या मुलखातली कोण जाणे,
काहीतरी सांगत होती सावकाश,
समोर कुणी लिहून घेत असल्यागत.

मी डोळे मिटले.
रात्र आहे, हात ओले आहेत, असं धरून
बटण चाचपलं.
सुई हलवली, बाई हरवली,
पुन्हा बाईपाशी आणली.
तीनदा.

साडेसातशे सांगितले, सातशे घेतले.
तार फुकट.

ऑगस्टात पूल बुडाला.
चौथ्या दिवशी वायरलेस मुका झाला.
मोहाच्या फांदीला तार टाकून आम्ही ऐकत बसलो.
खरं सांगते, आमच्या नदीचं नाव
कोणीच घेतलं नाही.
समुद्रातल्या मच्छीमारांना
हिंदीतून हवामान सांगणं चाललं होतं.

"लाटा किती म्हणाले?" पेकाने विचारलं.
त्याने समुद्र पाहिलेला नाही. मीही.
"बारा फूट."
त्याने उंबऱ्याबाहेर बॅटरी मारली,
पायरीला लागलेलं पाणी पाहिलं.
"मग आपलं बरं आहे," म्हणाला,
आणि रेडिओ मांडीवर घेऊन
एक सेल काढून उलटा घातला,
उद्यापुरता जपून.