चल-अचल

मूंदडा वकील म्हणाले, 'मॅडम, चल-अचल सब लिख लाइए.'
म्हणून रविवारी सकाळी वही घेऊन बसलो दोघं
सुदामा नगरच्या घरात, मधल्या खोलीत,
जिथला पंखा तीनवरच चालतो.

अचल सोपं निघालं.
रजिस्ट्री दोघांच्या नावावर, हप्ते फिटलेले,
गिऱ्हाईक ठरलेलं, उज्जैनचा कोणी शेववाला.
त्यानं माझ्या ओट्याशी उभं राहून
भिंत कुठून पाडावी, ते आम्हालाच विचारलं.
तू दाखवलीस.

चल मात्र हलेना.
कूलर तुझा. खस दरवर्षी मी बदलली, असो.
शिवणयंत्र माझं, आईकडचं.
भांडी उलटी करून बुडं वाचली:
'चि. विश्राम – सौ. मृणालिनी', काकूंची परात,
नावांमध्ये बोटभरही जागा नाही.
ती सुशीलाबाईंना द्यायची ठरली.
ऋजुताचा पुण्याहून मेसेज:
मला काही नको, फक्त कॅरम विकू नका.
कुणाकडे ठेवू, ते तिनं लिहिलं नाही.

मिक्सरवर आलो तेव्हा आवाज चढले.
तीन भांड्यांतलं एक तर तडकलेलंच.
तू म्हणालास, पैसे माझे.
मी म्हणाले, चटण्या?
मग रतलामचं ते लग्न निघालं,
तुझ्या बहिणीचा तो शब्द निघाला
जो मी कुठल्याच वहीत लिहिलेला नाही,
तरी काना-मात्रेसकट पाठ आहे.

एवढ्यात समोरून शुक्लाबाई ओरडल्या,
'विश्राम भिया, टंकी बह रही है!'

आज नर्मदेची पाळी. एक दिवसाआड.
मोटर कुणी लावली होती, दोघांनाही आठवेना.
तू खाली धावलास, मी वर गच्चीत,
वॉल्व्ह डावीकडे दीड आटा, मग थोडा मागे,
हे हातालाच माहीत.
'झाली बंद?'
'झाली.'
'नीट बघ.'
'बघितलं रे.'
किती दिवसांनी तो 'रे'.
खाली गल्लीभर पाणी,
शुक्लांची स्कूटर फुकटात धुऊन निघालेली.

परत येऊन बसलो.
तुझी विजार घोट्यापर्यंत ओली.
माझ्या नावापुढे तू लिहिलंस, 'मिक्सर',
कंसात, 'दोन भांडी'.
मी काही बोलले नाही.
पान उलटलं.

टाकी कशात धरायची, चलमध्ये की अचलमध्ये,
हे मूंदडांना विचारायचं राहिलंय.