एक, किंवा तीन

आयदोव्श्चिनाच्या अलीकडे बस थांबली.
झ्वोंकोने इंजिन बंद केलं, काच खाली न करता
बोटानेच दाखवलं:
समोर एक ट्रक रस्त्यात आडवा झोपला होता,
कुशीवर बल्गेरियन अक्षरं,
वरची चाकं अजून हळूहळू फिरत होती.
"बुर्या," तो म्हणाला,
घरातल्याच कुणाचं नाव घ्यावं तसं,
जरा वैतागून, जरा सवयीनं.

वन्संच्या मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सात पानं.
पान तीन: व्हेनिस, दुपारी दोन दहा.
पान चार: रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत.
त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू वाऱ्याला मीच आवतण धाडलं होतं.

बसपासून खानावळीपर्यंत साठ पावलं.
मोजली, कारण दर पावलाला
जमिनीशी नव्याने बोलणी करावी लागत होती.
पाऊस नाही, बर्फ नाही, ढगाचा ठिपका नाही,
लख्ख ऊन,
आणि त्या निळ्या आभाळातून
कुणीतरी सारखं ढकलतंय.
वन्संची लोकरीची टोपी इटलीच्या दिशेने गेली,
बिनतिकिटाची,
आमच्याआधी.

आत मिलोयका. बाह्या कोपरापर्यंत वर.
काही न विचारता तिने दोन खुर्च्या ओढल्या.
पत्ते खेळणाऱ्या ड्रायव्हरांनी सरकून जागा केली,
त्यातल्या एकाच्या कपाळावर ताजी पट्टी.
तोच तो, आडव्या ट्रकवाला. हातात पानं चांगली आली असावीत,
खुशीत होता.

आंबवलेल्या कोबीची, घेवड्याची वाफाळती आमटी आली.
वन्संनी फोनमध्ये बोलून विचारलं, यात मांस आहे का?
फोनने त्याचं काय केलं देव जाणे;
मिलोयकाने पळीने एक हाड वर काढून
अभिमानाने दाखवलं, परत सोडलं.
वन्सं पावाकडे वळल्या,
पर्समधून लिंबाच्या लोणच्याची पुडी निघाली.
पट्टीवाल्याने चाखलं. त्याच्या डोळ्यांत पाणी,
आणि दुसऱ्यांदा हात पुढे.

उद्या थांबेल का हो?
मिलोयकाने एक बोट दाखवलं, मग तीन.
दोन? तिने मान हलवली.
दोन दिवस कधीच नाही, फोन म्हणाला,
एक, किंवा तीन, किंवा पाच.
बुर्या सम दिवस वाहत नाही.
बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या वन्सं
यावर काहीच बोलल्या नाहीत.

खिडकीतून पलीकडची छपरं दिसत होती.
प्रत्येक कौलारावर दगड, रांगेने,
वरवंट्याएवढे, काही त्याहून थोर.
आजोबांनी चढवले, मिलोयका म्हणाली,
मग बापाने, आता मी.
"आमच्याकडे दगड छातीवर ठेवतात,"
असं मी बोलून गेले, उगाचच.
फोनने ते तिला सांगितलं.
तिने माझ्याकडे पाहिलं, वन्संकडे पाहिलं,
आणि खऱ्याच काळजीने विचारलं:
का? छपरं नाहीत तुमच्याकडे?

वन्सं हसल्या.
वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दिवसापासून
हे हसू मी ऐकलं नव्हतं.
नाकातून फुर्र आवाज करत, तोंडावर पदर धरायची सवय,
पण अंगात जॅकेट, म्हणून
नुसती चेनच धरून हसत राहिल्या.

रात्री वरच्या खोलीत एकच पलंग.
खिडकीची झडप कडीशी भांडत होती.
बराच वेळाने अंधारातून:
"किती वर्षं झाली गं?"
कशाला, असं मी विचारलं नाही.
"अकरा."
वारा भिंतीला लागून गेला, परत आला.
"अकरा विषमच ना?"
"तुम्हीच गणिताच्या बाई," मी म्हणाले.

मग त्या कुशीवर वळल्या
आणि रजई ओढून घेतली, सगळीच्या सगळी.
मी माझी अर्धी
परत ओढली.