दुसरा हात

वार्दोच्या त्या घरी मी गेलो
तेव्हा सूर्य बुडून आठवडा झाला होता.
बेरेंट्स समुद्र खिडकीशी घरघरत होता,
आणि खालच्या खोलीत एक पलंग, नुकताच उतरवलेला.
आयलिफचे गुडघे आता जिना चढत नाहीत.

तोरगुनला पिवळा हवा होता, बलकासारखा.
त्याला निळा, जवळजवळ शाई,
किनारा दिसेनासा झाला की पाण्याला येतो तो.

मी हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन रंगवले,
मधे चार बोटं भिंत उघडी ठेवून.

दिवा लावला आणि निळा काळा पडला.
"बाहेर काळोख कमी आहे
म्हणून आत भोक पाडतोस?" ती म्हणाली.
तो पिवळ्यासमोर जाऊन उभा राहिला,
"आणि हा? कावीळ झाल्यासारखा दिसतो मी."
खरंच दिसत होता.
मी गप्प. रंगाऱ्याने पैसे हातात पडेपर्यंत
मत देऊ नये.

"झोपणार मी आहे."
"दार उघडून रोज बघणार मी आहे."

मधल्या चार बोटांत एक पोपडा सुटला होता.
सवयीने पत्रा घातला, खरवडलं :
करडा, मग मळका पांढरा,
मग निळा. नखाएवढा.

तोरगुनने चष्मा पुसला, वाकून पाहिलं.
"हा मी लावला होता. लग्नानंतरच्या हिवाळ्यात.
तू सहा-सहा आठवडे बोटीवर.
तेव्हा पिवळा तुला हवा होता."
"मला? पिवळा?"
"घरी आल्यावर निळं काही बघायचं नाही, म्हणायचास."

तो पलंगावर टेकला.
बराच वेळ गुडघाच चोळत राहिला.
तिने कॉफी आणली, माझ्यासाठीही,
साखर न विचारता.

जानेवारीत परत गेलो.
दुपारी सूर्य डोकावला, अकरा मिनिटं,
दोन्ही चौकोन चुकवून
दाराच्या कडीवर पडला.
"ठरलं का?" मी विचारलं.
"पिवळा," आयलिफ म्हणाला.
"निळा," तोरगुन म्हणाली, त्याच क्षणी,
आणि दोघं पुन्हा भांडू लागले,
या वेळी एकमेकांच्या बाजूने.

मी अस्तराचा डबा उघडला.
अस्तर पांढरं असतं, त्यावर कुणी वाद घालत नाही.
पहिला हात मारायला घेतला.
दुसऱ्या हाताचं
वाळल्यावर बघू.