खालची कड

रोसिआमा मेणाचा ठोकळा बर्फावर पालथा घालतो,
पात्यावरची धूळ पुसतो, मग चाक फिरवतो.
चार मायक्रॉनची पट्टी सुटते,
कोमट पाण्यावर पसरते.
सुरकुती निघेपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही.
हा नियम त्याचाच.

आयझॉलात पाचला अंधार.
टेकडीवरच्या चर्चमध्ये खुआंगवर हात बसवतायत पोरं,
आणि माझ्या टेबलावर एका बाईचं जठर
वीस काचांत वाटलेलं, जांभळं-गुलाबी.

फॉर्मवर: दार्थिआंगी, एकसष्ट, चम्फाईच्या रस्त्यावर चहाचं दुकान.
तुइबुर: हो. धुरावलेलं मांस: हो.
पुढे वेगळ्या शाईत, बहुतेक सुनेचं अक्षर:
आमच्याकडे कोण नाही खात?
कारण लिहायला रकाना छापलेला नाही.
बरं आहे.

पहिल्या काचेवर सगळं जागच्या जागी.
ग्रंथी पंगतीला बसल्यासारख्या;
आम्ल करणाऱ्या पेशी गुबगुबीत,
मधोमध केंद्रक, तव्यावरच्या अंड्यासारख्या,
त्यांच्या खाली निळसर, कामसू, पाचकरसवाल्या.
चौथ्या काचेवर जठर विसरलंय आपण कोण ते.
आतड्यात शोभणाऱ्या पेल्यासारख्या पेशी इथे मांडी ठोकून.
बाहेरून आलेल्या नव्हेत,
इथल्याच, वेश बदललेल्या.
याला वीस वर्षं लागली असतील, नाहीतर तीस.
बाई तेवढा वेळ चहा उकळत होती.

नवव्या काचेपासून पंगत मोडते.
कुणी कुणाचा हात धरत नाही.
एकेकटी पेशी स्नायूच्या धाग्यांतून वाट काढत खाली,
अंगभर चिकट पाणी, केंद्रक कडेला दाबून चपटं झालेलं.
पुस्तकं हिला अंगठी म्हणतात.
मला अंगठी कधी दिसलीच नाही.
मला दिसते भाड्याची खोली,
सामान इतकं वाढलेलं
की घरमालकच भिंतीला पाठ लावून उभा.

शत्रू म्हणायची पद्धत आहे.
मी म्हणत नाही.
पोटच्याच आहेत.

गाठी मोजल्या: सतरा. चारांत सापडल्या.
वरची कड मोकळी.
खालची कड...
शाईच्या रेघेपासून केसभर आत
तीन पेशी. फुगलेल्या, फिकट, केंद्रक बाजूला.

त्याच असतील.
किंवा त्या दुसऱ्या, सफाईवाल्या,
मेलेलं, सांडलेलं, मोडकं, सगळं
पोटात घालणाऱ्या,
आणि घालून घालून अशाच फुगणाऱ्या.
एक आपल्याच स्रावाने तट्ट,
एक दुसऱ्यांचं पोटात घालून;
चाळीसच्या भिंगाखाली
दोघींचा चेहरा एक.

किरॅटिनचा रंग लावला की कळेल.
तपकिरी झाली तर ती, नाही झाली तर ही.
रंगाची कुपी गुरुवारपासून वैरेंगतेच्या अलीकडे
दरडीमागे अडकलीय, थर्मोकोलच्या डब्यात.
ड्रायव्हर फोनवर म्हणतो, बर्फ दोनदा बदलला, मॅडम,
मासळीवाल्याकडून घेतला.
वास येईल थोडा.

सर्जन विचारतात, कड मोकळी ना?
मी म्हणते, उद्या.
ते म्हणतात, हे तुम्ही शुक्रवारीही म्हणालात.
बाहेर बाकावर सून विचारते, इतके दिवस कसे लागतात?
एवढासा तर तुकडा.

मोठाच आहे गं तो, मी म्हणत नाही.
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायला
मला अख्खा आठवडा लागला.

आणखी खोल कापता येईल.
पण तीनच पेशी आहेत, पातं फिरेल तशा संपतील.
म्हणून रोसिआमाने दोन काचा
रंग न लावता बाजूला ठेवल्यात,
पेन्सिलने नंबर घालून, डबीत, उभ्या.

जाताना एक काढून ट्यूबलाइटकडे धरते.
काही नाही.
तिरकी केली तर
कुणीतरी बोट टेकवून काढून घ्यावं
तेवढा एक डाग.