एक जून

एक जून ही माझी सरकारी जन्मतारीख.
भादलीच्या शाळेत गुरुजींनी
एकाच सकाळी एकवीस पोरं
एकाच दिवशी जन्माला घातली.
आई म्हणायची, तू आखाजीच्या दुसऱ्या दिवसाची,
निंबाचा झोका अजून सोडला नव्हता.
आणि साल?
ज्या साली तुझ्या मामाची म्हैस विहिरीत पडली, ते.

मामाला धरून हिशेब केला
तर कागदापेक्षा मी दोनेक वर्षं पुढे आहे.
पण म्हशीचं साल
कुठल्या रकान्यात लिहितात?

आता कागदाला अठ्ठावन्न पुरे झाले.
जळगावच्या डाळ मिलमध्ये एकतीस वर्षं
खडा वेगळा, दाणा वेगळा, फोल वेगळं.
दर महिन्याला पगारातून काहीतरी कापलं जायचं,
ते कुठे जातं, कधी विचारलं नाही.
तेच आता विचारतंय:
येऊ का? की थांबू साठीपर्यंत?

पुतण्या हेमकांत मोबाईलवर बोटं नाचवतो.
आत्ता घेतली तर एकवीसशे चाळीस.
साठीला घेतली तर तेवीसशे चौदा.
"थांब काकू, दर साली शंभराला चार वाढतात,
कोणती बँक देते सांग!"
अरे, बँकेत पैसे थांबतात.
इथे मलाच थांबायचंय.

रात्री परातीत तूर ओतली.
दोन वर्षांचे सोडायचे एक्कावन्न हजार तीनशे साठ.
पुढे महिन्याला जास्तीचे एकशे चौऱ्याहत्तर.
सोडलेलं भरून यायला किती महिने?
एक महिना, एक दाणा.
हेमकांत आकडे सांगत गेला, मी मोजत गेले.
दोनशे पंच्याण्णव.
साडेचोवीस वर्षं.
म्हणजे पंच्याऐंशीच्या उंबऱ्याशी
माझा फायदा सुरू.

ते दाणे तळहातावर घेतले.
अर्धी मूठसुद्धा भरली नाही.
एका माणसाचं वरण करायचं तर
पातळच होईल.

मिलचे वॉचमन नबाब तडवी थांबले होते.
साठीला चार महिने कमी असताना गेले,
फॉर्म भरून उशीखाली, तारीख तेवढी कोरी.
आणि कोकिळाबाई झोपे
चोपन्नाव्या वर्षीच कापून कापून घेतली,
सगळ्या हसल्या तिला,
ती आज एकोणऐंशीची,
दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिक्षा करून बँकेत जाते
आणि येताना आमच्या दारावरून मुद्दाम.
यातून काय शिकायचं?
मला तर काही कळलं नाही.

मग ह्यांना विचारलं.
ह्यांचं नाव सुपडू.
तीन भावंडं गेली म्हणून सासूनं ह्यांना
सुपात घालून शेजारणीला दिलं,
आणि मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं,
मरणाला वाटावं, हे पोरगं त्या घरचं नाही.
जन्मल्या जन्मल्या ज्यानं मरणाला चकवलं
त्याला काय विचारायचं, मी किती जगेन?
ते भाकरी मोडत होते.
म्हणाले, "मियते तं घे.
मोजत बसजो मंग."

पीएफच्या ऑफिसात रांगेत
माझ्यापुढे सात जण. पैकी पाच एक जूनचे.
एक जण भादलीचाच निघाला,
चौथीत माझ्या पाटीवर थुंकायचा.
"तू पण घेतेस का आत्ताच?" म्हणाला.
"तू?"
"आमच्या घरात साठीपर्यंत कोणी पोचलं नाही."
आणि असा हसला
की खिडकीतल्या साहेबानं मान वर केली.

"जन्मतारीख?"
एक जून, मी म्हणाले.
लिहितानाही तेच लिहिलं, अक्षर न हलवता.
आत मात्र
मामाची म्हैस पुन्हा विहिरीत पडली.

आठ माणसांनी दोर लावून काढली होती तिला,
आई सांगायची.
पाय थरथरत होते,
अंगावर शेवाळ.
त्याच संध्याकाळी
दूध दिलं तिनं.
थोडंच. पण दिलं.