मिठाचे पैसे

नानलपेठेत, पंख्यांच्या दुकानावर
दहा बाय बाराची खोली. तिला आम्ही स्टुडिओ म्हणायचो.
मागं निळा पडदा, तोही लग्नाच्या शूटिंगचाच.
पुढं स्टोव्ह, पाटी, आणि प्रयागबाई डोईफोडे:
तिसरी पास,
मुलींच्या वसतिगृहात अकरा वर्षं स्वयंपाक
आणि मेसची वही, पैशाचीही खोट नसलेली.

परभणीच्या केबलवाल्याला बाई हवी होती फुकटात.
तिनं एकच अट घातली:
शिजलेलं माझ्या डब्यात.

कार्यक्रमाचं नाव 'वीसात चौघं'.
दुपारी चार ते साडेचार, त्यानंतर लाइट जायची.
डाळ शिजली नाही तर नाही.
"ऱ्हायलेली तुमच्या घरी शिजंल," म्हणायची,
आणि अंधार.

आधी पाटी. तिच्यावर भाव,
शनिवार बाजारात स्वतः विचारून आणलेला,
सकाळचा नव्हे, बाजार उठतानाचा,
वांगी पडलेली, कोथिंबिरीनं मान टाकलेली असते तेव्हाचा.
मग येसर. मग अंबाडी, कण्या घालून.
सुशीलाचे मुरमुरे भिजवून पिळायचे,
"न्हालेल्या लेकराचं डोकं पुसतो तसे. जोर नको."
डाळ धुतलेलं पाणी पिठात,
पिठाचे हात धुतलेलं कोंबड्यांच्या वाटीत.
कर्डईचं तेल चमच्यानं, आणि चमचा शेवटी पोळपाटावर पुसून.
मीठ मात्र पाटीवर कधीच आलं नाही.
"मिठाचे पैसे धरत नसतेत. नसलं तर शेजारीण देती."

जालन्याचा एक मसालेवाला आला, जाहिरात देतो म्हणाला.
तिनं पाकीट फाडलं, जिभेवर चिमूट ठेवली, कॅमेरा चालू असतानाच:
"ह्यात निम्मं मीठ हाय.
आन् मिठाचे पैसे मी धरत नाही."
मसालेवाला जिना उतरला तो उतरलाच.

एकदा पुण्याच्या मोठ्या चॅनेलनं बोलावलं.
आरशासारखा ओटा, तीन कॅमेरे,
चीज किसायला सांगितलं तिला.
"ह्याची पाटी कुठंय?" एवढंच विचारलं तिनं,
तेवढंच त्यांनी कापलं.
परत आली ती अकरा लिंबं घेऊन,
सेटवर पिळून फेकलेली.
त्यांचं लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं.

मग गंगाखेडहून पोस्टकार्ड आलं. खाली नाव नाही.
'बाई, तुमचा कार्यक्रम बघून मालक आता
वीसच रुपये ठेवतात चुलीपाशी. आधी तीस ठेवायचे.
तुमची माणसं चार. माझ्या घरात सात.'
तिनं ते दोनदा वाचलं.
डबा त्या दिवशी स्टोव्हशेजारीच राहिला.

पुढच्या आठवड्यापासून लोक हसायला लागले.
पानटपरीवर, कोर्टाच्या आवारात:
तिसरी पासच ती, बेरीज येईना.

तिच्या कॅसेटी उरल्या नाहीत.
मालकानं त्यांच्यावर लग्नं घेतली, उरूस घेतला,
एका शाळेचं गॅदरिंग.
तिलाही पटलं असतं, एक कॅसेट चारदा.
फक्त मानवतच्या एका लग्नाच्या शेपटाला
नवरी जीपमध्ये बसते, पडद्यावर रेघा येतात,
आणि एकदम तिचा हात, खडू धरलेला.

डाळ नऊ. वांगी सहा.
तेल सात. पीठ चार.
खाली रेघ. रेघेखाली: एकतीस.

इथं चित्र हलतं. तो मी.
एका हातानं कॅमेरा, दुसऱ्या हाताची बोटं तिला दाखवतोय,
सव्वीस, बाई, सव्वीस.
ती पाटीकडं बघत नाही.
भिंगाच्या जरा वर बघते, माझ्याकडं:

"काय खुणा करायलास रे? बरुबर हाय ते.
लिहून घ्या, बायांनो. एकतीस.
आन् मालकाला दाखवा."